घरी कळविणे नाही

कोल्हापुरात गुपित राखता येणारा एकच माणूस आजवर जन्माला आला आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, नवरा झाला. म्हणजे आमचे दाजी. बाकीच्या कोल्हापूरकरांना गुपित झेपत नाही, यात त्यांचा काही दोष नाही. आमचा आवाजच तसा आहे. आमच्याकडे ‘जरा कानात सांगतो’ असं म्हणून माणूस जे सांगतो, ते रस्त्यापलीकडचा पानवाला ऐकतो आणि तिथूनच आपलं मतही देतो. अशा गावात दाजी साठ वर्षं राहिले आणि या साठ वर्षांत त्यांच्या तोंडून कुणाला काही कळलं, असं एकही उदाहरण माझ्या ऐकिवात नव्हतं. लग्नाच्या पंगतीत सगळ्यांनी ‘नाव घ्या, नाव घ्या’ म्हणून गलका केला, तेव्हा नवरदेव बनून बसलेले दाजी शांतपणे म्हणाले होते, “पत्रिकेत छापलंय की. तिथं बघून घ्या.” आक्काला त्यांची जन्मतारीख कळली ती लग्नानंतर चार वर्षांनी, रेशनकार्डावरून.

‘कुठं निघालासा?’ या प्रश्नाला दाजींचं उत्तर ठरलेलं असे, “हितंच.” हे हितंच म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान असू शके किंवा पुणं. एकदा ते असेच हितंच म्हणून गेले आणि तिसऱ्या दिवशी बँकेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र घेऊन परत आले. बाजारातून भाजी आणली तर ती वर्तमानपत्रात गुंडाळून, वर दोरा बांधून. शेजाऱ्यांना आपण वांगी खातो की दोडका, हे कळायचं कारण नाही. मिसळीच्या दुकानात ते वेटरला तोंडानं काही सांगत नसत. पाटीवरच्या ओळीवर बोट ठेवत आणि वेटरनं ‘एक मिसळ, जादा कट’ असं मुदपाकखान्याकडं तोंड करून ओरडलं की दुखावल्यासारखे माझ्याकडे बघत. फोनवर बोलताना तोंडावर तळहात धरायची त्यांना सवय होती. त्यामुळे पलीकडच्याला काही ऐकू येत नसे, मग दाजींना तेच वाक्य मोठ्यानं म्हणावं लागे आणि अख्ख्या गल्लीला ते ऐकू जाई. हा हिशेब त्यांच्या कधी लक्षात आला नाही.

पण त्यांची खरी करामत म्हणजे घराची किल्ली. बाहेर जाताना ती कुठे ठेवली हे ते कुणालाच सांगत नसत. आक्कालासुद्धा नाही. “दोघांस्नी म्हायती झालं की ती जागा गेलीच,” असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आक्का मंडईतून लवकर परतली तर पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसून राही आणि येणाजाणाऱ्यांना सांगे, “ह्यांची वाट बघालोय.” एकदा जोतिबाहून परत आल्यावर ती जागा खुद्द दाजीच विसरले. कुलूपवाल्याला बोलावलं, तर त्याच्यादेखत शोधाशोध करायला ते तयार होईनात, कारण त्यानं जागा बघितली असती. शेवटी कुलूपवाल्याला कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन पाठ करून उभं राहायला लावलं. किल्ली सापडली, पण कुठे, ते आजही आम्हाला माहीत नाही.

असा हा माणूस आमच्याच सहकारी बँकेत नोकरीला. ते पेठ वडगावच्या शाखेत अधिकारी आणि मी कोल्हापुरात मुख्य कार्यालयात. एकाच बँकेत दोघे कसे, हा प्रश्न परगावचा माणूसच विचारील. आमच्या बँकेत कुणाचाच कुणी लागत नाही असा माणूस शोधायचा म्हटलं तर जाहिरात द्यावी लागेल.

तर काही वर्षांपूर्वीपर्यंत आमचा सगळा कारभार व्हॉट्सॲपवर चाले. ग्राहकांच्या आधारकार्डांचे फोटो, सह्यांचे नमुने, कर्जाचे कागद आणि सकाळी सकाळी गुलाबाची फुलं हे सगळं एकाच ग्रुपवर एकाखाली एक येत असे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीवाल्याचे कर्जाचे कागद आमच्या एका साहेबांनी घाईघाईत आपल्या भाचीच्या लग्नाच्या ग्रुपवर टाकले. वऱ्हाडातल्या तिघांनी त्यांवर अंगठा दाखवला, एका मामींनी नांदा सौख्यभरे लिहिलं, आणि त्या फौंड्रीवाल्यानं मुख्य कार्यालयात येऊन जे लिहिलं नाही पण बोलून दाखवलं, ते इथे देता येणार नाही. त्यानंतर बँकेनं वरची परवानगी घेऊन सुरक्षित संदेशांचं एक खास ॲप घेतलं. बँकेचं जे काही बोलायचं ते यापुढे फक्त यावर. यातला मजकूर बाहेर पाठवता येत नाही, पडद्याचा फोटो निघत नाही, चुकून भलत्याला गेलेला संदेश मागे घेता येतो. आणि हे सगळं शिकवायला पुण्याहून एक बाई आल्या.

मी त्या दिवशी दाजींच्या शेजारी बसलो होतो. बाईंनी भिंतीवर चित्र दाखवून सांगितलं, “या ॲपमधला तुमचा संदेश बाहेरचा कुणीही, कधीही वाचू शकत नाही.” दाजी माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे पाणावले होते, खोटं सांगत नाही. सगळ्या जगात आपल्यासारखं कुणीतरी आहे हे माणसाला साठीला टेकल्यावर कळलं तर त्याचं जे होईल ते त्यांचं झालं होतं. “पावणं,” ते म्हणाले, “शाणी मानसं हाईत ही.” बाईंनी दुसरी गोष्ट सांगितली ती जेवणानंतर. बाहेरचा वाचू शकत नाही, पण बँक वाचू शकते. प्रत्येक शब्द नियमानं जतन होतो, पुसला तरी पुसला जात नाही, आणि दर आठवड्याला त्यातले काही संदेश चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून तपासले जातात. हे त्या सांगत होत्या तेव्हा दाजी खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून, शर्टाच्या आत फोन धरून, नवा पासवर्ड घालत होते. त्यांनी यातलं एक अक्षर ऐकलं नाही.

तपासायचं काम आलं माझ्याकडे. दर सोमवारी सकाळी ॲप माझ्यासमोर थोडे संदेश ठेवी. नाव दिसत नसे, नुसता मजकूर. वाचून शेरा मारायचा, कामकाज, खासगी किंवा संशयास्पद, आणि शेरा मारल्यावर मग लिहिणाऱ्याचं नाव उघडायचं. वाचलेलं बाहेर कुठे बोलायचं नाही, असं मी सही करून दिलेलं. पहिले काही सोमवार फारच कंटाळवाणे गेले. मग एका सोमवारी हे आलं :

‘विषय : किल्लीबाबत. किल्ली तुळशीच्या कुंडीत नाही. पूर्वी होती तेथेही नाही. लक्षात असावे. कळावे.’

नाव उघडायची गरजच नव्हती. ॲपमध्ये स्वतःलाच संदेश पाठवायची सोय आहे, काम आठवणीत राहावं म्हणून. दाजींनी ती सोय म्हणजे आपली कुलपातली वही धरली होती. आयुष्यभर त्यांना जी जागा हवी होती ती त्यांना मिळाली होती, आणि ती नेमकी अशी होती की जिथला शब्द न् शब्द त्यांच्या मेव्हण्याच्या टेबलावर येऊन पडावा. मी एकटाच बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. शेरा मारला, ‘खासगी, निरुपद्रवी.’ त्याच दिवशी फोन करून ‘दाजी, हे आम्ही वाचतो’ असं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. एक तर त्यांचा एवढा आनंद मोडवेना, आणि खरं सांगायचं तर मला पुढचं वाचायचं होतं. पुढच्या सोमवारी ‘विषय : चष्म्याबाबत’ आला, त्यात जुना चष्मा कुठे लपवला आहे ते होतं. तोही मी आनंदानं वाचला. या दोन सोमवारांची मला अजून लाज वाटते.

तिसऱ्या सोमवारी हे आलं :

‘विषय : मानेच्या गाठीबाबत. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून तपासणीस पाठविला. निकाल बुधवारी दुपारी. घरी कळविणे नाही. बरेवाईट झाल्यास कागद कपाटात, खालून दुसरा खण, साड्यांच्या मागे. कळावे.’

मी ते तीनदा वाचलं. मग उठून पाणी प्यायलो आणि परत येऊन चौथ्यांदा वाचलं. ‘कळावे’ या शब्दाचा मला त्या दिवशी इतका राग आला की सांगता सोय नाही. कुणाला कळावे? जगात कुणाला कळू नये म्हणून तर लिहिलं होतं. आणि मला कळलं होतं ते बोलायची मला मनाई. आक्काला सांगावं तर सही मोडते, आणि दाजींना विचारावं तर कुठून कळलं म्हणून सांगायचं?

त्या संध्याकाळी मी उगीचच आक्काकडे गेलो. एप्रिलचा महिना, अंगाची लाही होत होती आणि दाजी गळ्याभोवती लोकरीचा मफलर गुंडाळून पंख्याखाली बसले होते. “काय पावणं, आज अचानक?” “हितंच आलतो,” मी म्हणालो. दाजींनी माझ्याकडे जरा संशयानं बघितलं, कारण हा शब्द त्यांचा. मी मफलरकडे न बघायचा इतका प्रयत्न करत होतो की मला दुसरं काही दिसतच नव्हतं. आक्कानं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि भाकरी थापता थापता, तिला जमेल तेवढ्या हळू आवाजात, म्हणजे दारातल्या कुत्र्यानं कान टवकारावेत इतपत, विचारलं, “बँकेत कायतरी झालंय का रं? दोन आठवडं झालं, ह्यास्नी जेवान जाईना. इचारलं की घसा म्हणत्यात. रात्री उठून कपाटात कायतरी हुडकत बसत्यात. तुला कायतर ठावं हाय. तुझ्या तोंडावर दिसालंय मला.”

“न्हाई आक्का,” मी म्हणालो. “बँकेत सगळं ठीक हाय.” हे खरं होतं, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. मी भाकरी अर्धी टाकून उठलो.

मंगळवारी मी आमच्या साहेबांसमोर उभा राहिलो. सांगितलं, की नमुन्यातला एक संदेश माझ्या नात्यातल्या माणसाचा आहे, खासगी आहे, आणि पुढे काय करायचं ते मला सुचत नाही. साहेबांनी चष्मा काढला. “मजकूर मला दावू नका. नात्यातला न्हाई असा तपासणारा मी आणू कुठनं? खासगी हाय न्हवं? मग नियमात काय लिवलंय? खुलासा मागवायचा. मागवा.” नियमात खरंच ते होतं. खुलाशाचा छापील मजकूरसुद्धा ॲपमध्ये तयार होता. मी एवढी वर्षं नियमांना शिव्या देत आलो, पण त्या दिवशी त्या कलमाच्या पाया पडावंसं वाटलं. दाजींशी बोलायची तेवढीच एक वाट उघडी होती. मी पाठवून दिलं : ‘आपण प्रणालीवर केलेल्या खासगी नोंदीबाबत खुलासा करावा.’ खाली माझं नाव आणि हुद्दा.

संदेश वाचल्याची खूण लगेच आली. उत्तर येईना. दुपार झाली. मी डबा उघडून बंद केला. दाजी आता चिडले असतील, मफलर सोडून वडगावच्या शाखेत डोक्याला हात लावून बसले असतील, उद्या निकालाला एकटेच जातील आणि यापुढे माझ्याशी बोलणार नाहीत, असं सगळं माझ्या मनात येऊन गेलं. चार वाजता उत्तर आलं.

‘विषय : खुलासा. सदर नोंद माझी आहे. ती वाचली जाते याची मला कल्पना नव्हती. आपण वाचली असे समजले. बरे वाटले. बुधवारी रजा मिळाल्यास यावे. घरी कळविणे नाही. कळावे.’

‘बरे वाटले’ या दोन शब्दांकडे मी किती वेळ बघत बसलो कोण जाणे. पस्तीस वर्षांच्या ओळखीत दाजींनी मला काही सांगितलं असं हे पहिलंच.

बुधवारी राजारामपुरीतल्या दवाखान्यात आम्ही भेटलो. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो, तसे ते उठून दोन खुर्च्या सोडून बसले. “एका जागी बसलो तर लोकांस्नी वाटंल कायतरी हाय,” ते तळहाताआडून म्हणाले. समोरच्या भिंतीवर कसलंसं निरोगी कुटुंबाचं चित्र होतं, त्याकडे आम्ही दोघे अर्धा तास बघत होतो. मग आतून सिस्टरनं दाजींचं नाव पुकारलं, आडनावासकट, कोल्हापुरी आवाजात. दाजी हलले नाहीत. तिनं पुन्हा पुकारलं. दाजी वर पंख्याकडे बघू लागले. उठणं म्हणजे हे नाव आपलं आहे असं चारचौघांत कबूल करणं होतं. तिसऱ्या हाकेला मात्र मी पाहिलं, की ते नावासाठी बसून राहिले नव्हते. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होते. मी उठलो, त्यांच्या दंडाला धरलं आणि म्हणालो, “हे हितं हाईत, सिस्टर.”

डॉक्टरांनी कागद वाचला, चष्म्यावरून बघितलं आणि सांगितलं, “साधी गाठ आहे. घाबरण्यासारखं काही नाही. सवडीनं काढून टाकू.” माझ्या छातीवरून कुणीतरी पाटा काढून घेतल्यासारखं झालं. दाजींनी डॉक्टरांना विचारलं, “ही म्हायती आजून कुणाकुणाला हाय?” डॉक्टर म्हणाले, “तुम्हाला, मला आणि या पाव्हण्यांना.” दाजींनी मान डोलावली.

बाहेर आलो. रस्त्याच्या कडेला उसाच्या रसाचा गाडा होता. दाजी तिथे थांबले. सावकाश गळ्यातला मफलर सोडला, त्याची घडी केली, आणि रसवाल्याला, ज्याला त्यांनी जन्मात कधी बघितलं नव्हतं त्याला, अख्ख्या राजारामपुरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “पावणं, गाठ साधी निघाली!”

रसवाल्यानं यंत्र थांबवलं. “लई झ्याक झालं की, मालक!” तो तितक्याच मोठ्यानं म्हणाला. “मग आलं घालू न्हवं?” “घाला, घाला,” दाजी म्हणाले आणि तिथेच उभे राहून रडले. मीही रडलो. रसवाल्यानं आमचे पैसे घ्यायला नकार दिला, पण दाजींनी जबरदस्तीनं दिले.

घरी येऊन त्यांनी आक्काला सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, मफलर तिच्या हातात दिला आणि म्हणाले, “गाठ हुती. साधी हाय. आज कळलं.” आक्का आधी हसली, मग बँकेपासून रसवाल्यापर्यंत सगळं तिनं विचारून विचारून काढून घेतलं तसा तिचा चेहरा बदलला. मी तिला इतक्या हळू आवाजात बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. “बँकेला कळलं. माझ्या भावाला कळलं. रसवाल्याला कळलं. आन् दोन आठवडं माझ्या शेजारी झोपूनशान मला न्हाई?”

“तू घाबरली असतीस.”

“मग? मी न्हाई घाबरायचं तर कुणी घाबरायचं तुमच्यासाठी? त्यो माझा हक्क हाय. त्योबी कपाटात लपवून ठेवलासा व्हय?”

आक्का आत गेली, बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला, आणि मग तिनं जेवायला हाक मारली. त्या दिवशी दाजी पोटभर जेवले.

नियमाप्रमाणे खासगी वापराबद्दल त्यांना लेखी ताकीद गेली. मसुदा मीच केला. नोकरीतली त्यांची ती पहिली आणि शेवटची ताकीद, आणि तिचा कागद त्यांनी कुठे ठेवला हे अर्थातच कुणाला सांगितलं नाही. पुढे सहा महिन्यांनी ते निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी ॲपमधलं त्यांचं खातं बंद करायचं होतं. वडगावच्या शाखेतल्या एका बाईंनी मला नंतर सांगितलं, की खातं बंद करण्याआधी त्यांचे साहेब, म्हणजे आमचे दाजी, दहा मिनिटं भिंतीकडे तोंड करून काहीतरी लिहीत बसले होते. पण खातं बंद झालं तरी लिहिलेलं जात नाही, ते जतन होतं आणि जुन्यातूनही नमुने निघतात. मला मुद्दाम ते उघडायचं तर कारण लिहावं लागलं असतं, आणि त्या चौकोनात लिहिण्याजोगं कारण माझ्याकडे नव्हतं. म्हणून मी वाट बघत राहिलो. दर सोमवारी थोडी आशा धरून बसायचो. कर्जांचे, सह्यांचे, रजेचे संदेश यायचे. शाखांतून आता कुणी किल्लीबाबत लिहीत नाही, सगळे शहाणे झाले आहेत, आणि माझं काम फार रूक्ष झालं आहे.

गेल्या महिन्यात ते आलं.

‘विषय : किल्लीबाबत. ही नोंद वाचली जाते याची मला पूर्ण कल्पना आहे. किल्ली दाराच्या चौकटीवर, उजव्या बाजूस ठेवली आहे. तुमच्या आक्कास सांगितले आहे. आपणही कधी यावे. कळावे.’

मी शेरा मारला, ‘खासगी.’ निवृत्त माणसाकडून खुलासा मागवता येत नाही, तेव्हा त्या रविवारी स्वतःच गेलो. घराला कुलूप होतं. शेजारच्या वहिनी आपल्या दारातून ओरडून म्हणाल्या, “वारणानगरला गेल्यात दोघंबी! सांगून गेल्यात दाजी, सांजच्याला येतो म्हणून!” पायरीवर कुणी बसलेलं नव्हतं. मी चौकटीवर हात फिरवला, उजव्या बाजूला किल्ली होती. दार उघडलं, पंखा लावला आणि त्यांची वाट बघत बसलो.